गेम सगळ्यांना आठवतो, पण ज्या पेटीत तो चालायचा तिच्याबद्दल पण लिहा

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. आपल्या रविवारच्या पुरवणीत जपानी व्हिडिओ गेम्सवर लेख आला होता तो आवडीने वाचला, घरातल्या पोरांना पण वाचायला लावला. पण त्यात पॅक-मॅन आला, डाँकी काँग आला, स्ट्रीट फायटर आला, ते बनवणारे लोक आले, आणि हे सगळं ज्या मशीनवर चालायचं त्या मशीनबद्दल पूर्ण लेखात एक ओळसुद्धा नाही याचं खूप वाईट वाटलं. मी टीव्ही रिपेअरिंगमधला माणूस आहे, नव्वदच्या दशकात सांगली-मिरज भागातल्या गेम पार्लरची मशीनं उघडून बघितलेली आहेत, आणि तेव्हापासून जपानी आर्केड (नाणं टाकून खेळायच्या मशीनचं) हार्डवेअर हा माझा आवडीचा विषय आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की जपानमध्ये गेम कसा असणार, माणसं कशी बसणार, समोरासमोर बसणार की शेजारी, धंदा चालणार की बुडणार, हे बऱ्याच वेळा त्या पेटीने, वायरिंगने आणि मॉनिटरने ठरवलं, म्हणून तो इतिहास सोडून गेमचा इतिहास लिहिला की तो अर्धाच राहतो.

आधी एक छोटी गोष्ट. लेखात लिहिलंय की स्पेस इन्व्हेडर्स या गेममुळे जपानमध्ये शंभर येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला होता. ही गोष्ट सगळीकडे फिरते पण तिला पक्का आधार नाही, कृपया पुढच्या वेळी खात्री करून छापा, कारण त्या मशीनची खरी गोष्ट या दंतकथेपेक्षा कितीतरी भारी आहे.

ती अशी. ताइतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो म्हणून इंजिनिअर होते, १९७४ मध्ये त्यांनी स्पीड रेस नावाचा गाडीचा गेम केला, त्या काळात गेममध्ये प्रोसेसर नसायचाच, नुसत्या लॉजिक आयसी एकमेकांना जोडून गेम बनायचा, म्हणजे गेम बदलायचा तर सर्किट बोर्डच नवीन डिझाइन करायचा. १९७५ ला त्यांनी वेस्टर्न गन केला आणि अमेरिकेत मिडवे कंपनीने तोच गेम घेऊन त्यात इंटेलचा ८०८० प्रोसेसर टाकला. निशिकादोंनी ते बघितलं आणि त्यांना कळलं की आता गेम प्रोग्रॅममध्ये लिहायचा, वायरमध्ये नाही. मग त्यांनी स्वतः हार्डवेअर बनवलं, त्यावर गेम लिहायला लागणारी साधनं पण स्वतःच बनवली, चित्रं स्वतः काढली आणि १९७८ मध्ये स्पेस इन्व्हेडर्स बाहेर आला. प्रोसेसर इतका कमी ताकदीचा की एका फ्रेममध्ये, म्हणजे स्क्रीनवर एकदा चित्र काढताना, एकच एलियन पुढे सरकवायचा, मग सगळी फौज एकदा सरकायला वेळ लागायचा, आणि जसजसे एलियन मरत जातील तसा हा फेरा लवकर संपायचा आणि उरलेले एलियन भराभर धावायला लागायचे. शेवटचा एक राहिला की हात थरथरायचे ते याच्यामुळे! हा हार्डवेअरचा कमकुवतपणा होता आणि निशिकादोंनी तो तसाच ठेवला, आणि सगळ्या जगाने त्यालाच गेमची मजा म्हटलं. स्क्रीन ब्लॅक अँड व्हाइट होता, सुरुवातीच्या मशीनवर रंग दिसावा म्हणून काचेवर रंगीत सेलोफेनच्या पट्ट्या लावायचे.

आणि हे मशीन बसवलं कशात, तर टेबलात. जपानमध्ये किस्सातेन म्हणून कॉफीची छोटी दुकानं असतात, जागा अगदी कमी, तिथे उभं कपाटासारखं मशीन कुठे ठेवणार, म्हणून मॉनिटर आडवा झोपवून वर काच टाकलेली टेबलं बनवली, त्याच्यावरच कॉफीचा कप ठेवायचा आणि खाली गेम खेळायचा. दोघं समोरासमोर बसायचे, एकाची पाळी संपली की स्क्रीनवरचं चित्र उलटं व्हायचं म्हणजे समोरच्याला सरळ दिसावं. हे चित्र उलटं करायचं काम सुद्धा बोर्डात करावं लागायचं, म्हणजे टेबलाच्या आकाराने सर्किट बदललं! स्पेस इन्व्हेडर्स चालला तेव्हा कितीतरी कॉफीवाल्यांनी साधी टेबलं काढून ही टेबलं लावली आणि काही जागा तर फक्त इन्व्हेडर खेळायसाठीच उघडल्या.

पुढच्या वर्षी नाम्कोचा गॅलेक्सियन आला १९७९ मध्ये, त्यात खरा रंग होता आणि हलणारी छोटी चित्रं म्हणजे स्प्राइट हार्डवेअरच काढायचं, प्रोसेसरवर सगळा भार यायचा नाही. १९८० चा पॅक-मॅन याच वाटेने पुढे आलेला, तोरु इवातानींनी त्यात फक्त एक चार दिशांची दांडी म्हणजे जॉयस्टिक ठेवली, बटण एकही नाही, कारण त्यांना ज्यांनी कधी गेमला हात लावला नाही अशा मुलींनी पण खेळावं असं वाटत होतं. तुमच्या लेखात पॅक-मॅनच्या तोंडाबद्दल एक पूर्ण परिच्छेद आहे, त्या एकट्या दांडीबद्दल दोन शब्द हवे होते.

डाँकी काँगचं तर मूळच पेटीत आहे. निंटेंडोचा रडार स्कोप नावाचा गेम अमेरिकेत चालला नाही, मशीनं गोदामात पडून राहिली, ती फेकायची कशी, म्हणून शिगेरु मियामोतोंना सांगितलं की याच मशीनमध्ये चालेल असा दुसरा गेम काढ. मग १९८१ मध्ये त्याच पेट्यांमध्ये चिपा बदलून, बाहेरची चित्रं बदलून डाँकी काँग विकला. न विकलेल्या पेट्या नसत्या तर मारिओ या रूपात आला असता का हा प्रश्न मला नेहमी पडतो.

आता मला ज्याच्यासाठी खरं तर पत्र लिहायचं होतं ते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रत्येक कंपनीचं वायरिंग वेगळं, कनेक्टर वेगळा, पिना वेगळ्या. पार्लरवाल्याने या कंपनीचा बोर्ड काढून त्या कंपनीचा लावायचा म्हटलं की पूर्ण हार्नेस म्हणजे आतल्या वायरींचा जुडगा परत सोल्डर करा, नाहीतर अख्खं मशीन विकत घ्या. मग जपानच्या मशीन बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने, तिचं नाव जॅमा, १९८५-८६ च्या सुमारास एक कनेक्टर ठरवून टाकला. छप्पन्न पिनांचा, एका बाजूला अठ्ठावीस दुसऱ्या बाजूला अठ्ठावीस. त्यात पाच व्होल्ट, बारा व्होल्ट, उणे पाच व्होल्ट, लाल-हिरवा-निळा आणि सिंक, स्पीकर, नाणं पडल्याचा स्विच, दोन्ही खेळाडूंच्या दांड्या आणि बटणं, टेस्ट आणि सर्व्हिस, सगळं ठरलेल्या जागी. बोर्ड उपसा, दुसरा खुपसा, मशीन चालू. उलटा लागू नये म्हणून खाचही दिलेली, कारण उलटा लागला तर पॉवर भलत्याच ठिकाणी जाऊन बोर्ड जळायचा.

याच्याने काय झालं बघा, पेटी एकदाच घ्यायची आणि गेम कमाई कमी झाली की बदलत राहायचा असा धंदा सुरू झाला, लहान दुकानदार पण टिकला, आणि छोट्या कंपन्यांनी नुसता बोर्ड बनवला तरी तो सगळ्यांच्या पेटीत चालायला लागला. आणि इथे आपला संबंध येतो. हे बोर्ड आणि त्यांच्या कॉप्या फिरत फिरत आपल्याकडे आल्या तेव्हा आपल्या सुताराने प्लायवूडची पेटी ठोकली, सनमायका लावला, आत टीव्हीची पिक्चर ट्यूब बसवली, पण आतला कनेक्टर तोच छप्पन्न पिनांचा जॅमा. महाराष्ट्रात ज्याला सगळे नुसतं 'मुस्तफा' म्हणायचे तो कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, तो सुद्धा कनेक्टरच्या या एका पट्टीमुळेच आपल्या गल्लीपर्यंत पोचला. ओसाकात बनलेला बोर्ड मिरजेच्या सुताराच्या पेटीत पहिल्या झटक्यात चालतो, आणि त्या दोघांची कधी ओळखसुद्धा झालेली नसते, हे मला आजही फार मोठं वाटतं. अशा स्टँडर्डवर कुणी लेख लिहीत नाही, तुम्ही लिहा ना.

जपानमध्ये पेटी स्वतः पण सुधारत गेली. १९८५ पासून तिथे गेम सेंटरना कडक कायदा लागू झाला, मध्यरात्रीनंतर बंद ठेवायची सक्ती झाली, आणि तोपर्यंत लोकांच्या मनात गेम सेंटर म्हणजे अंधारी, टवाळ पोरांची जागा असं होतं. कंपन्यांना उजेडात येणं भाग होतं. सेगाची एरो सिटी १९८८ ची, अ‍ॅस्ट्रो सिटी १९९३ ची, ती बघा एकदा, पांढरी, गोल कोपऱ्यांची, प्लॅस्टिकची, बसून खेळायच्या उंचीची, मोठा मॉनिटर तिरका ठेवलेला. समोरचं बटणांचं पॅनल पुढे उघडतं, दुरुस्तीला माणसाला पाठीमागे सरपटत जावं लागत नाही. ताइतोच्या एग्रेट २ मध्ये मॉनिटर उभ्याचा आडवा फिरवायची सोयच केलेली, कारण विमानांचे शूटिंग गेम उभ्या स्क्रीनचे आणि मारामारीचे आडव्या. आमच्याकडे ट्यूब फिरवायची म्हटलं की चार स्क्रू, दोन माणसं आणि अख्खी दुपार जायची.

जॉयस्टिक आणि बटणं सान्वा आणि सेइमित्सु या कंपन्यांची, तीस मिलिमीटरचं बटण वरून दाबलं की पॅनलमध्ये खटकन बसतं, खराब झालं तर दुकानातला पोरगा मिनिटभरात बदलतो. त्यामुळे जपानी दुकानातलं बटण कायम चालू असायचं, आणि खेळणारा हरला तर तो स्वतःमुळे हरला, मशीनमुळे नाही. मला विचाराल तर मारामारीचे गेम तिथे इतके खोल गेले त्याचं एक कारण हे आहे की तिथल्या बटणांवर विश्वास ठेवता यायचा.

मारामारीच्या गेमचं आलंच आहे तर स्ट्रीट फायटर २ बद्दल. १९९१ चा, कॅपकॉमच्या सीपीएस-१ बोर्डवरचा, मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर, आवाजाला झेड-८० आणि यामाहाची चिप. सहा बटणं, म्हणून जॅमाच्या पट्टीत ती मावेनात, तीन लाथांसाठी वेगळा हार्नेस जोडावा लागला. सुरुवातीला दोघं एकाच मशीनसमोर खांद्याला खांदा लावून खेळायचे. मग जपानच्या दुकानांत अशी पद्धत पडली की एक बोर्ड घ्यायचा आणि त्याचं चित्र आणि कंट्रोल दोन पेट्यांत वाटून द्यायचे आणि दोन पेट्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या. आता समोरचा कोण आहे ते दिसतच नाही. अनोळखी माणसाशेजारी जाऊन बसायचा संकोच नाही, हरला तर तोंड लपवायचं नाही, नाणं टाकलं की आव्हान दिलं. एवढ्या एका वायरिंगने अख्खी लढत खेळायची पद्धत बदलली, रोज तेच लोक यायला लागले, पुढे तिथूनच मोठमोठे खेळाडू तयार झाले. यात कॅपकॉमने गेमचा एक अक्षर कोड बदललेला नव्हता, हे सगळं दुकानदारांच्या वायरींचं काम.

मोठ्या हलणाऱ्या पेट्यांचं थोडक्यात सांगतो, नाहीतर पत्र फारच लांबेल. सेगाचे यू सुझुकी यांचा हँग-ऑन १९८५ चा, त्यात मोटरसायकलच्या प्रतिकृतीवर बसायचं आणि वळायला अंग कलतं करायचं, आत दोन ६८००० प्रोसेसर. त्याच वर्षी स्पेस हॅरियर, खुर्ची मोटरने हलणारी, मग १९८६ ला आउट रन, १९८७ ला आफ्टर बर्नर. पुढे आर-३६० आलं, त्यात माणूस पट्टा बांधून बसायचा आणि पेटी पूर्ण गोल फिरायची, सोबत एक माणूस लक्ष ठेवायला लागायचाच. १९९० च्या ओसाकाच्या फुलांच्या प्रदर्शनात नाम्कोने अठ्ठावीस लोक एकदम खेळतील असं गॅलेक्सियन-थ्री चं अख्खं थिएटर बसवलं होतं. घरात टीव्हीवर जे कधीच करता येणार नाही ते दुकानात द्यायचं, एवढा एकच विचार या सगळ्यामागे.

थ्रीडीचं पण तसंच. सेगाच्या मॉडेल २ बोर्डात पृष्ठभागावर चित्र चढवायचं तंत्र अमेरिकेत लष्करी सिम्युलेटर बनवणाऱ्यांकडून आलं, डेटोना हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम त्याच्यावर चालला. पण नाम्कोने १९९४ मध्ये टेक्केन या मारामारीच्या गेमसाठी जो बोर्ड वापरला तो आतून जवळजवळ प्लेस्टेशनच होता, आणि सेगाचा १९९८ चा नाओमी बोर्ड म्हणजे त्यांचंच घरी खेळायचं ड्रीमकास्ट मशीन वाढवलेलं. घरातलं आणि दुकानातलं हार्डवेअर एक झालं त्या दिवसापासून पेटीला उतार लागला. २००४ पासून ताइतोच्या टाइप एक्स मध्ये तर सरळ विंडोजवरचा पीसीच आला.

त्यात कर. एक डाव शंभर येनचा, नाणंच शंभरचं असल्यामुळे एकशे तीन किंवा एकशे पाच घेता येत नाहीत. विक्रीकर १९८९ ला तीन टक्के आला, १९९७ ला पाच, २०१४ ला आठ, २०१९ ला दहा झाला, आणि प्रत्येक वेळी तो बोजा दुकानदारानेच गिळला. ऐंशीच्या दशकात तिथे पंचवीस हजारांच्या वर गेम सेंटर होती, २०१९ पर्यंत चार हजारांच्या आसपास उरली, मग कोरोना आला. टोकियोच्या अकिहाबारा भागातली सेगाची एक प्रसिद्ध इमारत ऑगस्ट २०२० मध्ये बंद झाली आणि पुढे सेगाने गेम सेंटरचा धंदाच दुसऱ्या कंपनीला विकून टाकला, आता त्या सेंटरांवर सेगाऐवजी गिगो अशी पाटी आहे. टोकियोत ताकादानोबाबाला मिकादो म्हणून एक जागा अजून जुन्या पेट्या रोज चालू ठेवते, अशा लोकांना हात जोडावेसे वाटतात.

लोक म्हणतील गेम तर वाचलेत, १९९७ पासून मेम नावाचं सॉफ्टवेअर आहे, सगळे गेम कॉम्प्युटरवर चालतात. मेमवाल्यांनी केलेलं काम थोर आहे यात वादच नाही. पण चिपमधला प्रोग्रॅम कॉपी होतो, पिक्चर ट्यूब कॉपी होत नाही. हे गेम दोनशे चाळीस ओळींच्या ट्यूबसाठी काढलेत, ट्यूबवर ठिपका ठिपक्यात थोडा मिसळतो आणि चित्र गोल दिसतं, एलसीडीवर तेच चित्र करवतीने कापल्यासारखं दिसतं, आणि बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंतचा वेळ पण वाढतो. जपानी पेट्यांत नानाओ कंपनीचे मॉनिटर असायचे, अशा ट्यूबा आता नवीन बनतच नाहीत, एलओटी, म्हणजे ट्यूबला जास्त व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर, गेला तर जुन्या मॉनिटरमधूनच काढून लावायचा. सेगाने २०२० मध्ये अ‍ॅस्ट्रो सिटीची आणि ताइतोने २०२२ मध्ये एग्रेट २ ची छोटी खेळण्याएवढी प्रतिकृती विकायला काढली, याचा अर्थ लोकांना ती पेटी आठवते आहे, फक्त गेम नाही.

माझ्या विनंत्या दोन आहेत. एक, याच पुरवणीत पेटी, जॅमा आणि मॉनिटर यांच्यावर एक पूर्ण लेख द्यावा, लिहिणारा कुणी मिळत नसेल तर माहिती द्यायला मी तयार आहे, पैसे नकोत. दुसरी विनंती वाचकांना. आपल्याकडे पार्लर बंद झाली तेव्हा कितीतरी मशीनं माळ्यावर, गोदामात, दुकानाच्या मागे पडली, ती आता किलोच्या भावाने भंगारात जातात. तुमच्याकडे असेल तर विकण्याआधी निदान आतला बोर्ड काढून कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा, त्यावर काय छापलंय त्याचा आणि हार्नेसचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. प्लॅस्टिकच्या बंद डब्यातला कॅपकॉमचा बोर्ड असेल तर तो बहुतेक वेळा सीपीएस-२ असतो, सीपीएस-२ मध्ये ३.६ व्होल्टचा लिथियम सेल असतो, गेम उघडायची किल्ली त्या सेलवर जिवंत असते आणि सेल संपला की गेम बंद पडतो. तसा बंद पडलेला बोर्ड पण फेकू नका, २०१६ नंतर हौशी लोकांनी किल्ली परत लिहायची पद्धत शोधून काढलीय आणि असे बोर्ड पुन्हा चालू होतात. सेल फुगून गळत असेल तर मात्र तो लगेच काढायला लावा, ते पाणी बोर्डाचे ट्रॅक खातं. आणि पेटी स्वतः उघडू नका, प्लग काढलेला असला तरी ट्यूबमध्ये बराच काळ जोरदार व्होल्टेज साठलेलं राहतं, जुन्या टीव्ही मेकॅनिकला बोलवा, प्रत्येक गावात एखादा अजून आहे.

आपला नियमित वाचक,
एक टीव्ही मेकॅनिक, सांगली